साहेबाची पोथी

"दोन बैल देतो, वरून गाडी. पोथी मले द्या," केशवराव म्हणाला.

अकोल्याच्या कापूस-गोदामातला गोरा कारकून हसायलाच लागला. पोथी कसली, स्पॅनिश भाषेतलं जाडजूड पुस्तक ते! साता समुद्रापलीकडच्या माया लोकांच्या जुन्या देवादिकांच्या कथा. केशवरावाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. तरी त्यानं बैल सोडून दिले अन् पुस्तक उपरण्यात गुंडाळून पायीच अमरावतीची वाट धरली.

वेड लागलं होतं का त्याला? छे! गेल्या हंगामात कापसाला सोन्याचा भाव होता. तेव्हा कापूस विकत घेणाऱ्या अमरावतीच्या साहेबानं त्याच्या बापावर, महादेवरावांवर, कापसात माती मिसळल्याचा आळ घेतला. खोटा, साफ खोटा! अन् भर बाजारात गाडीभर कापूस पेटवून दिला. म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. पोळा काही त्याला दिसला नाही. वर्षश्राद्धाच्या आत या आगीचं उट्टं आगीनंच काढीन, असं केशवरावानं चितेपाशीच ठरवलं होतं.

पण साहेबाचं जाळावं काय? ते त्याला साहेबाच्या खानसाम्यानं, पुंजारामनं सांगितलं.

"कापसाचं त्याले काई नाई गा. जीव हाय तो एका पोथीत. तिच्या प्रती मुंबईहून मांगवते, इलायतेहून मांगवते, म्हनन तो भाव देते. प्रत आली का दार लावून घेते. आतून धूर येते. धूप जाळत असन. भाईर येते तवा डोये लाल."

"म्हंजे पूजा करते!"

"नाई तं काय! आता एकच रायली म्हने, अकोल्याच्या कापूस-गोदामात. कालच पत्ता लागला, आनाले जानार हाय. तिच्यासाठी तयमयून रायला."

केशवरावाला हे लगेच पटलं. त्याच्या घरीही धुपाशिवाय पोथी उघडत नसत.

तो बंगल्यावर पोचला तेव्हा सकाळ होती. अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. केशवरावानं पुस्तक वर धरलं मात्र, साहेब अनवाणी धावत आला.

"दे! काय पायजे ते माग!"

"माह्या बापाचा कापूस आठवते, साहेब?" केशवराव गरजला आणि त्यानं पुस्तक चुलीत भिरकावलं. "घे! आता कर पूजा!"

पानं धडाधड पेटली. साहेब मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. केशवराव हलला नाही. त्याला हे डोळे भरून पाहायचं होतं. बापाचा आत्मा आज निवला, असं त्याला वाटलं.

पुस्तकाची राख झाली तसा साहेब उठला. दोन्ही हात पसरून तो केशवरावाच्या गळ्यात पडला.

"माझा बाप तिकडे माया मुलखात राहून लिहिला ते," तो मोडक्यातोडक्या मराठीत हुंदके देत म्हणाला. "चोर आपला नाव टाकून छापला. बाप झुरून मेला. बाकी सगळा प्रत मी शोधून शोधून जाळला. हा एकच राहिला होता!"