दारातला मायक्रोफोन

फिलिपिन्समधल्या मिंडोरो बेटावरच्या या डोंगराने एकाच जातीचे बेडूक दोन बाजूंना वाटले. त्यांचे आवाज इतके बदलले, की आता ते एकमेकांना ओळखत नाहीत. जागोजागी मायक्रोफोन लावून, तंबूतल्या स्पीकरवर ऐकत आम्ही तेच तपासत होतो.

तीन दिवसांपूर्वी आमचा सहकारी रोदेल डोंगरापलीकडे गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको पर्लिता माझ्याबरोबर तंबूत होती.

सकाळी ९.१०
पलीकडच्या मायक्रोफोनवर बेडूक एकदम गप्प झाले. पावलं वाजली. कोणीतरी खोकलं.

"कुया, आवाज वाढव!" मला कुया, म्हणजे दादा, म्हणणारी पर्लिता रडता रडता हसली. "त्याचाच खोकला! सिगारेट सोड म्हणून किती डोकं फोडलं या मेल्यापुढे!"

९.१४
पावलं ओढ्याजवळच्या मायक्रोफोनवर.

९.१७
पावलं तंबूच्या दारातल्या मायक्रोफोनवर. दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि कोणीही नव्हतं.

स्पीकरमधून रोदेल अगदी अदबीने म्हणाला, "ताबी-ताबी पो. जरा वाट द्या, जाऊ द्या."

हे आम्ही माणसांना म्हणत नाही. जंगलात जे दिसत नाहीत, त्यांना म्हणतो.

पर्लिताने माझ्याकडे पाहिलं. मग तिने हळूच पाय पोटाशी ओढले आणि वाट मोकळी करून दिली.