नावडता शब्द

"अहो, तुमची जुनी विद्यार्थिनी आलीय," काकू म्हणाल्या. उशांना टेकून बसलेले निमकर सर भिंतीकडेच बघत राहिले. पक्षाघात झाल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

मी त्यांना चमच्याने शिरा भरवायला लागले. सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. निबंधात 'नाइस' दिसला की भडकायचे. "माणूस नाइस, हवा नाइस, जेवणही नाइस?" नेमका शब्द सांगेपर्यंत उभं करून ठेवायचे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "शिरा नाइस झालाय ना, सर?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले. "दु... दुसरा शब्द सांग."

"रागवा! अजून रागवा तिला!" काकू रडत रडत हसत होत्या.

मी वाटी खाली ठेवली आणि उभी राहिले.