मास्तरांचे शब्दार्थ

"हे काय आहे, सांगा बघू," म्हणत कुमुदताईंनी पाण्याचा पेला मास्तरांसमोर धरला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून नवऱ्याची वाचाच गेली होती. रोज तोच पेला, तेच मुके ओठ. आयुष्यभर ऐकलेली "अगं" ही हाकसुद्धा बंद झाली होती. कुमुदताई पार थकल्या होत्या.

पेला खाली ठेवताना त्यांना शाळेला लागून असलेलं जुनं बिऱ्हाड आठवलं. भिंतीपलीकडून मास्तरांचा इंग्रजीचा तास कानांवर आदळायचा. त्या घोकंपट्टीचा तेव्हा किती वैताग यायचा! आज कंटाळून त्यांनीच तो सूर लावला.

"नाउन म्हणजे?"

"नाम," मास्तर म्हणाले.

कुमुदताईंच्या अंगावर काटा आला. "व्हर्ब म्हणजे?"

"क्रियापद."

"वॉटर म्हणजे?"

"पाणी!" मास्तरांनी पेल्याकडे बोट दाखवलं.

कुमुदताई जरा घुटमळल्या. पुढच्या शब्दाचा अर्थ पोरं 'बायको' असा घोकायची, तो त्यांना पाठच होता. तरी त्यांनी हळूच विचारलं, "वाइफ म्हणजे?"

मास्तरांची नजर पेल्यावरून कुमुदताईंकडे वळली. घोकलेलं उत्तर ओठांवर आलं नाही.

"अगं," ते म्हणाले.