मोठे आकडे

"जुना आठ म्हणजे शून्यावर शून्य ठेवलेलं," मास्तर म्हणाले. "तसाच काढ. कमरेत बारीक नको."

"बघा ना तुम्हीच, बाबा."

"ओला आहे अजून. वास येतोय. वाळू दे."

लेक पुन्हा तबकडीवर वाकली. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला होता आणि त्यावर गाडीचं मीटर उघडं पडलं होतं. काच बाजूला, काटे वाटीत. काटे तिने दोन चमच्यांनी अलगद उचकटले होते. त्याआधी प्रत्येक काटा कुठे टेकतो तिथे पेन्सिलीने खूण केली होती. ती खूण विसरली की उभी गाडीसुद्धा वीसच्या वेगाने पळते.

दुकानात विचारून झालं होतं. मोठ्या आकड्यांची तबकडी, नवे दिवे, मजुरी असं सगळं धरून दुकानदाराने सांगितलं तेवढ्यात दुसरी गाडी आली असती. हौशी माणूस दिसला की हे लोक सुरी परजतात. तिने त्याला तोंडावर सांगितलं, "ठेव तुझ्याकडेच," आणि घरी आली. ती नंबरप्लेट रंगवायची. आकडे तिच्या हातचा मळ होते. काट्यांना नेलपॉलिश लागलं आणि दिव्यांना काचेवर चालणारा हिरवा रंग. बास.

मास्तरांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्म्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्याला शिव्या. गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, तो त्यांचा. सुट्टीच्या दिवशी मात्र ते स्वतः चालवायचे आणि त्यांच्या जागेवर सात वर्षांची लेक बसायची.

"मीटरबाई, काटा सांगा!"

"चाळीस!"

"पेट्रोल?"

"अर्धं!"

"शाब्बास. रस्ता माझा, काटा तुझा."

तिला आकडे शाळेने शिकवले नाहीत, त्या मीटरने शिकवले. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. नंतर नवऱ्याच्या गाडीत बसली, भावाच्या बसली, भाड्याच्या गाड्यांत तर किती वेळा बसली. पण डोळे मिटून बसावं असं कुणाच्याच शेजारी वाटलं नाही. तिला कुठे जायचं नव्हतं. त्या सीटवर एकदा बसायचं होतं, आणि बाबांनी गाडी चालवायची होती.

दोन वर्षं गाडी अंगणात उभी होती.

"आकडेच दिसत नाहीत मेले," मास्तर म्हणायचे. "मुंग्यांसाठी छापलेत. डोळ्यांना काही झालेलं नाही, चष्म्याचा नंबर बदललाय फक्त. डॉक्टर? तो आधी माझा खिसा तपासेल."

पेपर तीच वाचून दाखवायची. टीव्ही त्यांनी केव्हाच बंद केला होता. त्यात सगळे गाढव बोलतात, म्हणे. घरातली खुर्ची वीतभर हलली तरी घर डोक्यावर घ्यायचे. "जिथली वस्तू तिथे! गिअर काय रोज नव्या जागी असतो?" मुळातच कडक माणूस. कुणी मनावर घेत नसे.

शेवटी तीच म्हणाली होती, "आकडे मोठे करून देते. वाचून दाखवलेत तर फाटक उघडीन. मैदानावर एक फेरी. ब्रेक माझ्या पायाखाली असेल."

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "दहा फेऱ्या."

"एक."

"कंजूस. आईवर गेलीस."

तेव्हापासून ते रोज टेबलाशी येऊन बसत आणि विद्यार्थ्याला छळावं तसं तिला छळत. पेट्रोलचा काटा कुठल्या बाजूला घेतलास? रेघा किती? हिरवा कसला, पोपटी की गडद? ती हसत उत्तरं द्यायची. तिला वाटायचं, म्हातारा पुन्हा माणसात आला.

रंग वाळल्यावर त्यांनी तबकडी हातात घेतली आणि आठावरून बोट फिरवलं.

"जाड आलाय. छान."

रविवारी सकाळी तिने मीटर गाडीत बसवलं. वर येऊन म्हणाली, "लागले हो दिवे! पेट्रोल अर्ध्याला एक रेघ कमी आहे. संध्याकाळी जाऊ."

मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट काढायला सांगितला.

दुपारी ते आडवे झाले तेव्हा ती पुन्हा खाली गेली. एक दिवा लुकलुकत होता. त्याच्या वायरीचा सुटलेला टाका तिने वर टेबलावर बसून झाळून नीट केला. झाळणी थंड होईपर्यंत चहा टाकला आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. पलंग रिकामा, चपला नाहीत.

ती हातातलं सामान सावरत जिना उतरली.

मास्तर गाडीत बसले होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, दोन्ही हात स्टीअरिंगवर, शिकवायचे तसे. तिने लावून ठेवलेली किल्ली त्यांनी एक टप्पा फिरवली होती. पुढे नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

"किती उशीर, मीटरबाई! बसा."

ती शेजारच्या सीटवर बसली. पाय आपोआप ब्रेकवर गेले. समोर तेच फाटक, त्यापलीकडे मैदान. ती मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"गप्प का? परीक्षा घ्यायची होती ना तुला?"

"काटा सांगा, बाबा," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी मान किंचित खाली केली. "शून्यावर. अगदी खुणेवर टेकलाय."

"पेट्रोल?"

"अर्ध्याला एक रेघ कमी."

"आणि दिवे?"

"हिरवे. जुने होते तस्से. जरा डोळ्यावर येतात, पण चालेल." ते लहान मुलासारखे हसले. "आठ मात्र झकास हं! शून्यावर शून्य. चल, उघड फाटक."

ती उठली नाही. मास्तरांच्या समोर डॅशबोर्डला नुसतं भोक होतं, त्यातून वायरी लोंबत होत्या. आणि मीटर टॉवेलात गुंडाळलेलं तिच्या मांडीवर होतं.