बघतो, बघते, बघू

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधेमधे 'म्हणजे काय' करू नकोस. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि काकांनी नवीला एवढंच विचारलं, "मग? कोण हलणार?"

नवी म्हणजे उपग्रह सांभाळायच्या त्या खोलीतली सगळ्यात धाकटी. येऊन दोन वर्षं झाली, तरी नवीच. आणि काका तिथले सगळ्यात जुने.

"तो म्हणाला, बघतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, इकडे मी पण बघते."

"मग ठरलं काय?"

"तो म्हणाला, चालेल, बघू मग. आणि फोन ठेवला."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बघायचं सगळ्यांचं ठरलं. हलायचं कुणाचं ठरलं?"

नवीला सकाळी अकरा वाजता फोनवर हे सगळं इतकं स्पष्ट वाटलं होतं!

भानगड अशी, की काकांचा उपग्रह एकवीस वर्षांचा. काका त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारीच्या टाकीत इंधनाचा एकच शेवटचा घोट उरलेला, आणि तो पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवलेला. त्या घोटावर तिला खाली आणायचं, हवेत जळून जाऊ द्यायचं, म्हणजे ती वर कचरा होऊन फिरत राहणार नाही. "वर मी सोडली, खाली मीच आणणार, मग मी घरी," काका येता-जाता ऐकवायचे. आणि आज पावणेसहाला तिच्या वाटेत दुसऱ्या कंपनीचा नवाकोरा उपग्रह येणार होता. सकाळी नवी फोनवर बोलली ती त्याच कंपनीतल्या माणसाशी. मधे अंतर चाळीस मीटर. वर त्याला अंतर म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

तो नवाकोरा हलला तर प्रश्नच मिटला, त्याची टाकी भरलेली. तो नाही हलला तर म्हातारीला हलायला हवं, आणि मग शेवटचा घोट संपला, शंभर वर्षं ती तिथेच, सगळ्यांच्या पायात. कुणीच नाही हललं तर दोघांचे हजार तुकडे, आणि एकेक तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी मागे. आणि दोघंही हलले, तेही एकाच बाजूला? बोळात समोरासमोर आलेली माणसं कशी, हा डावीकडे तर तोही डावीकडे, तसं.

"लाव फोन परत," काका म्हणाले.

लावला. व्यस्त. परत लावला, व्यस्त. सात वेळा.

"तोच आपल्याला लावत असेल," काका म्हणाले. "ठेव. त्याला लागू दे."

ठेवला. दोघं फोनकडे बघत बसले. फोन गप्प.

"त्यानेही ठेवला असेल," नवी म्हणाली. "आपल्याला लागावा म्हणून."

तिने झटकन उचलून लावला. व्यस्त! मेल पाठवला, तर लगेच उत्तर आलं. तिने उड्या मारत उघडलं. 'आपला निरोप मिळाला. आम्ही लवकरच बघतो.' मशीनचं होतं ते, आपोआप येणारं.

"काका, त्याच्या आवाजावरून तरी वाटलं, की हलवेल."

"आवाजावरून?"

आता आवाजावरून काय कळणार! नवीच्या घरी बाबा 'बघतो' म्हणाले, की ते काम गेलं. मोरीचा नळ तीन वर्षं बघताहेत. आणि आई 'बघते' म्हणाली, की संध्याकाळपर्यंत झालेलं असतं, वर कुणाला पत्ताही नसतो. तो पलीकडचा बाबांसारखा होता की आईसारखा? तिने तो शब्द मनात पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. पहिल्यांदा आई वाटला. दुसऱ्यांदा बाबा. तिसऱ्यांदा तर तो जांभई देत होता असंच वाटलं.

चार बाराला म्हातारी डोक्यावर आली. पडद्यावरची रेघ हिरवी झाली. आठ मिनिटं दिसणार, त्यातच काय सांगायचं ते सांगायचं. पुढची फेरी धडकेनंतरची. हलायचा हुकूम टाइप करून तयार होता, फक्त बटण दाबायचं.

"काका, दाबू?"

"अकरा वाजता मला विचारलं होतंस?"

"काका, प्लीज."

"माझ्याकडे काय बघतेस? बोलणं तुझं झालंय त्याच्याशी. तूच बघ." ते रागावले नव्हते. म्हणून तर जास्त वाईट.

पाच मिनिटं गेली. सहा गेली. एका हातात फोन, व्यस्त. दुसरा हात बटणावर. सातव्या मिनिटाला तिने डोळे मिटले आणि दाबलं.

म्हातारीने ऐकलं. एकवीस वर्षांत तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पडद्यावर आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि टाकीसमोर शून्य आलं. काकांनी चष्मा लावला, शून्य वाचलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. शून्यच होतं. रेघ विझली. म्हातारी क्षितिजाखाली गेली.

आणि फोन वाजला.

दोघंही जागचे हलले नाहीत. "तुम्ही हललात ना?" असं विचारायला असेल. नाहीतर, "आम्ही केव्हाच हललो, तुम्ही राहू द्या," असं सांगायला. नाहीतर, कुठल्या बाजूला हललो ते सांगायला.

"फोन वाजतोय," काका म्हणाले.

"हो, बघते," नवी म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून फोनकडे बघत बसली.

सहावी रिंग. सातवी. आता बोल, तू असतीस तर काय केलं असतंस?