सांगशील तिथे

प्लंबर रोज सकाळी गुडघे टेकून म्हणायचा, "प्रभू, तू सांगशील तिथे जाईन." त्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच बायको आत आली. "अहो, शेजारच्या भाऊजींचा पाइप फुटलाय. घरात घोटाभर पाणी झालंय."

शेजाऱ्याशी तीन वर्षं अबोला होता. प्लंबरने डोळे आणखी घट्ट मिटले. "प्रभू, तेवढं घर सोडून कुठेही पाठव!"

बायकोने हत्यारांची पिशवी त्याच्या पुढ्यात आदळली. "आमेन म्हणा आणि निघा."

तो धुसफुसत गेला. त्याला दारात पाहून शेजाऱ्याने कपाळावर हात मारला. "तूच? अरे, आत्ताच प्रार्थना केली होती, तो शेजारचा प्लंबर सोडून कोणालाही पाठव म्हणून!"

प्लंबरला हसू फुटलं. "म्हणजे प्रभूनं आपल्या दोघांचंही ऐकलं नाही. ऐकायचं काम आपल्याच गळ्यात घातलं. धर हा पाना."