वाचले असे समजावे

बेंगळुरात चामराजपेटेतील मराठी मंडळाची ती मार्गशीर्षातली मासिक सभा. साल एकोणीसशे बासष्ट. मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचण्यातच अर्धी सभा सरे, म्हणून नवे चिटणीस सुधींद्र यांनी या खेपेस ते सायक्लोस्टाइल करून घरोघर पोहोचते केले होते.

"इतिवृत्त वाचले असे समजून कायम करावे," त्यांनी सूचना मांडली.

सर्वांनी प्रसन्नपणे माना डोलावल्या. एकट्या वयोवृद्ध अण्णांनी हात वर केला.

"माझी हरकत आहे. ते वाचलेच पाहिजे."

"अण्णा, स्वल्प दया करा! छापील प्रत मिळाली नाही काय?"

"मिळाली. दोनदा वाचली. चूक एकही नाही. तरी तू वाच."

वडीलकीपुढे इलाज नव्हता. सुधींद्रांनी खाकरून, संध्येतली चोवीस नावे उरकावीत तशा घाईने आरंभ केला, "उपस्थित सभासद: भीमाचार्य, कमलाबाई, बिंदुमाधव..."

डोळे मिटून ऐकणारे अण्णा किंचित हसले. "पुरे. आता खुशाल कायम करा."

सभा पांगल्यावर पायऱ्यांशी वहाणा शोधताना सुधींद्रांनी विचारलेच, "अण्णा, एवढ्यासाठी सर्वांना ताटकळत ठेवलेत?"



"अरे, आमची थोरली अक्का दिवाळीत गेली. तेव्हापासून मी साऱ्या जगाचा अण्णाच. मला बिंदुमाधव म्हणणारे एक तुझे इतिवृत्त तेवढे उरले होते."